शिट्ट्या मोजणारा डबा

रायपूरच्या भनपुरीत हिरालाल मेश्रामांचं घर विचारलं की लोक आधी हसतात, मग पत्ता सांगतात. घरच तसं आहे. टाकी भरली की न्हाणीच्या दारावर हिरवा दिवा लागतो. बाहेरची कळ दाबली की घंटी वाजत नाही, स्वयंपाकघरात निळा दिवा उघडझाप करतो. कूलरचा पंप ठरल्या वेळी आपला आपण सुरू होतो. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतलं फिरतं चक्रही ह्यांनीच जुन्या पंख्याच्या मोटारीवर बसवलेलं. सगळा माल कबाड्याकडचा, आणि सोल्डरच्या धुरात नाक खुपसून बसलेले हिरालाल साठीचे!

खटपटीचा नाद लहानपणापासूनचा, दिव्यांचं वेड मात्र दोनच वर्षांचं. सिलतऱ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं मोटारी दुरुस्त करता करता कान गेले. पुरते नाहीत, बारीक आवाज तेवढे गेले. शिट्टी गेली, फोनची घंटी गेली आणि बायकोचं निम्मं बोलणं गेलं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, नीलिमाबाईंना तर नाहीच.

नीलिमाबाई नवा रायपुरात मंत्रालयात कारकून. संध्याकाळी बसमधून उतरून घरी आल्या, चहाचा कप हातात आला, की साहेबापासून शिपायापर्यंत अख्खा दिवस सांगत. हिरालाल अंदाजाने "हव, हव" करत. मुलगा पुण्याला, घरात दुसरं बोलणारं कोण? आपण बहिरे झालो हे कळलं तर ही सांगायचीच बंद होईल, ही त्यांची भीती.

अशात एक दिवस हुकूम सुटला.

"अजी, मले यायले सात वाजून राहिले. सहाले तुरीची डाळ लावत जा. तीन शिट्ट्या झाल्या का गॅस बंद."

आली का पंचाईत! पण हार मानतील तर ते हिरालाल कसले. रविवारी दुपारी बायको बहिणीकडे गेली तसे ते कामाला लागले. जुन्या फोनचा माईक, तीन लाल दिवे आणि सगळं कोंबायला बिस्किटांचा डबा. कर्कश आवाज आला की एक दिवा लागणार. नुसतं पाणी घालून कुकर चढवला, तिन्ही दिवे बरोब्बर लागले. हिरालालनी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

एक गोष्ट मात्र विसरले, आणि भनपुरीत जन्म काढलेल्या माणसाने ती विसरावी म्हणजे कमालच झाली. दुपारी गल्लीबाहेर ट्रान्सपोर्टचे ट्रक रांगेने उभे असतात. निघतात ते संध्याकाळी.

सोमवारी सहाला डाळ चढली. पाच मिनिटांत एक ट्रक गल्लीच्या तोंडाशी अडकला आणि त्याने तीनदा जीव खाऊन हॉर्न वाजवला. कुकर अजून धड तापलाही नव्हता. तिन्ही दिवे लागले आणि डब्यावरच डोळे लावून बसलेल्या हिरालालनी, रोजच्या हॉर्नकडे लक्षही न देता, मोठ्या ऐटीत गॅस बंद केला.

जेवायला बसल्यावर पहिल्याच घासाला नीलिमाबाईंच्या दाताखाली डाळ कटकन फुटली.

"तीन शिट्ट्या नव्हत्या झाल्या?"

"झाल्या ना! तिन्ही लाइट लागले."

"लाइट? शिट्टी मोजाले लाइट कायले पाह्यजे?"

हिरालालनी घास ताटात ठेवला. आता थाप तरी कोणती मारणार?

"मले बराबर ऐकू येत नाही, नीलिमा. दोन सालं झाले."

"मंग मी रोज बोलून राहिली, ते?"

"अर्धं येते."

"आन् सांगितलं काहून नाही?"

"तू बोलणं बंद करशील म्हणून."

नीलिमाबाई भडकल्या. एक शब्द न बोलता उठल्या, डाळ कुकरमध्ये परत ओतली, झाकण आदळलं. हिरालाल त्यांच्या पाठीकडे बघत बसले. ज्याची भीती होती ते झालं, असंच त्यांना वाटलं. मग पदराने डोळे पुसून बाई वळल्या.

"उद्या सुट्टी टाकतो मी. कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. कोन्ता कान बरा हाये?"

"उजवा."

त्यांनी खुर्ची ओढून त्या कानाला लावली आणि मांड ठोकून बसल्या.

"आता ऐका. दोन सालाआधी आमच्या ऑफिसात ते नवे साहेब आले, तिथून सुरू करतो."

आवाज असा लावला, की शेजारच्या सुशीलाबाईंनी टीव्ही बंद केला आणि खिडकीशी येऊन बसल्या.