एकच पेनड्राइव्ह, दोन वेळा

माझी मोठी बहीण आमच्याच शहरात, विजयनगर भागात, घरातच ब्लाउजांवर मशीननं भरतकाम करून देते. मोर, कमळं, मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, वेली, अशी तिची सगळी डिझाइनं एका पेनड्राइव्हमध्ये असतात. मी कॉलेजच्या ऑफिसात कामाला, म्हणून घरात कॉम्प्युटरचा जाणकार मीच. हे पद मला कुणी दिलं नव्हतं, पण मी नाकारलंही नव्हतं.

एकदा अक्कानं विचारलं, "हा पेनड्राइव्ह स्क्रीनवर डाव्या बाजूला दोनदा का दिसतो रे? नाव तेच, आतलं सगळं तेच."

मला ठाऊक नव्हतं. तरी म्हणालो, "एक मूळ, एक कॉपी. कॉम्प्युटर आपणहून ठेवतो."

दसऱ्याच्या आधी कामं वाढली आणि पेनड्राइव्ह भरला. अक्कानं फोन केला, "कॉपी काढून टाकू का? जागा होईल." मी बन्नीमंटपाच्या सिग्नलला स्कूटरवर होतो. "टाक की," म्हणालो.

घरी पोचतो तोच पुन्हा फोन. आवाज अगदी शांत होता. "कॉपी गेली. मत्ते... आणि मूळही गेलं."

मी धावत तिच्याकडे गेलो. काहीतरी करायला हवं म्हणून पेनड्राइव्ह चारदा काढला, चारदा लावला. भावजींनी माझ्यासमोर कॉफी ठेवली. शेवटी अक्का आणि मी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

त्यानं बघितलं आणि तो कानडीत म्हणाला, "ओंदे सार, एरडल्ल." एकच आहे, दोन नाहीत. एकच पेनड्राइव्ह यादीत दोन ठिकाणी दाखवायची कॉम्प्युटरची सवयच आहे. कुठूनही उघडा, आत तेच. मग त्यानं विचारलं, "कॉपी आहे असं कुणी सांगितलं?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. "असंच, कुणीतरी," म्हणाली. मी त्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

दुसऱ्या दिवशी त्यानं बहुतेक फाइली परत मिळवून दिल्या, पण नावं जाऊन नुसते आकडे उरले होते. रविवारभर मी एकेक उघडत होतो आणि अक्का नाव सांगत होती.

"मोर," मी म्हणायचो.

"कुठला मोर? मान वळवलेला की बँकेतल्या बाईंचा?"

तिला प्रत्येक डिझाइन कुणाच्या पाठीवर, कुणाच्या बाहीवर गेलं ते पाठ होतं. मला एकही ओळखता आलं नाही.

त्याच संध्याकाळी तिनं दुसरा, खराखुरा वेगळा पेनड्राइव्ह आणवला आणि त्यात सगळं माझ्याकडून उतरवून घेतलं. मी प्रत्येक पायरीला मोठ्यानं सांगत गेलो. तिनं शेवटी दोन्हीकडच्या फाइली स्वतः मोजून पाहिल्या.

एकच फाइल अर्धी आली. गोकुलम भागात योग शिकायला आलेल्या एका परदेशी बाईंच्या पिशवीसाठी केलेला हत्ती, सोंडेशिवाय. अक्कानं सोंड नव्यानं काढली, ती जरा आखूड झाली. बाईंना पिशवी इतकी आवडली की त्यांनी मैत्रिणींसाठी आणखी तीन मागवल्या, आणि सोंड मात्र अश्शीच हवी म्हणून बजावून सांगितलं.