संत्र्याच्या सालीचं वाक्य

कॉर्क शहरात नदीच्या अलीकडे, घोड्यांवर पैसे लावायच्या दुकानाच्या वर, एका कुबट मजल्यावर आमची संस्था आहे. तुरुंगात कुणावर हात उगारला गेला, कुणाला डॉक्टर मिळाला नाही, असल्या गोष्टी शोधून आम्ही छापतो. दर सप्टेंबरला कॉलेजातून इंटर्न येतात. कुणी कायदा शिकतंय, कुणी गुन्हेगारीवर संशोधन करतंय, आणि सगळ्यांना जग बदलायची भारी घाई. डर्व्हला हॅनरॅटी त्यांना समोर बसवते आणि म्हणते, "तुमच्या लिखाणातलं सगळ्यात आवडतं वाक्य शोधा. मोठ्यानं वाचा. झालं? आता खोडा." मुलं तोंडं वाकडी करतात आणि मागून तिला खडूस म्हणतात. मला ठाऊक आहे, कारण चहाची किटली माझ्याच टेबलाशेजारी आहे.

म्हणोत बापडी. हा खडूसपणा कुठून आला ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

डर्व्हला स्वतः इंटर्न म्हणून आली तेव्हा बावीसची होती. गावाकडची, गाईगुरांच्या घरची, नाकासमोर चालणारी पोर. तिचं काम कैद्यांच्या जबान्या घेण्याचं. त्यातच तिला फिंटन लूबी भेटला. चाळिशीचा गडी, चोरीच्या ट्रकपायी आत आलेला, बोलायला मिठ्ठास. त्यानं एक गोष्ट पाहिली होती. जेम्सी नावाच्या म्हाताऱ्या कैद्याला तीन गार्डांनी कोठाराच्या वळणावर, जिथं कॅमेरा पोचत नाही तिथं, भिंतीवर आपटलं होतं. हात मोडला. दप्तरी काय लागलं, तर म्हातारा न्हाणीघरात घसरला. फिंटन मागून धुण्याची गाडी ढकलत येत होता, म्हणून त्याला दिसलं.

"सांगतो," तो म्हणाला होता, "पण माझं नाव कुठं आलं तर मी मेलो असं समज. तीन आठवड्यांनी मला खुल्या तुरुंगात हलवतायत. तिथं कुत्रा नाही."

कुत्र्याचं असं होतं, की तुरुंगाच्या दारात भेटायला येणाऱ्यांना हुंगायला एक काळा कुत्रा असायचा. फिंटनची सात वर्षांची मुलगी साइव्ह त्याला इतकी भ्यायली की वर्षभर आलीच नव्हती. खुल्या तुरुंगात हिरवळ होती, बाकडी होती, पोरीला मांडीवर घेता आलं असतं. तोवर फिंटन काय करायचा, तर रविवारी जेवणात मिळालेलं संत्रं सोलायचा, सालं हीटरवर वाळवायचा आणि पाकिटातून तिला धाडायचा. ती सालं चुलीत टाकायची आणि घरभर वास पसरला की म्हणायची, बाबा आला.

डर्व्हलानं त्याचं नाव काढलं. वय बदललं, जिल्हा बदलला, गुन्हा गाळला. राहिला फक्त 'सातवा कैदी'. मुलीचा तर उल्लेखही केला नाही. पण एक वाक्य तिच्यानं गाळवेना: 'सातवा कैदी संत्र्याची सालं हीटरवर वाळवतो, त्याच्या कोठडीत गेलं की कुणाच्या तरी घरात आल्यासारखं वाटतं.' संस्थेच्या प्रमुख क्वर्कबाई, ज्यांच्या तोंडून शाबासकी म्हणजे दुर्मीळ चीज, त्यासुद्धा म्हणाल्या, "पोरी, हे वाक्य लोकांच्या लक्षात राहील."

राहिलंच की.

आमच्यात पद्धत अशी, की अहवाल छापण्याआधी मसुदा तुरुंगाच्या अधीक्षकाकडे जातो. तपशिलात चूक असेल तर त्यांनी दाखवावी, नंतर बोंब नको. त्या मंगळवारी सकाळी क्वर्कबाईंनी मसुदा ईमेलनं धाडला आणि डर्व्हला शेवटची एक भेट उरकायला तुरुंगात गेली. फोन दारातल्या कपाटात ठेवला. कॉन टूमी नावाचा गार्ड तिला आत घेऊन निघाला. गप्पिष्ट माणूस.

"संत्र्याकडे ना?" तो म्हणाला.

"कोण संत्र्या?"

"अगं लूबी. अख्खा तुरुंग त्याला संत्र्याच म्हणतो. त्याच्या मजल्यावर गेलीस की डोळे मिटून कोठडी सापडेल."

नाव, वय, जिल्हा, सगळं झाकलं होतं तिनं, आणि माणूस उघडाच राहिला होता. मसुदा अधीक्षकाच्या टेबलावर पोचला असणार. अजून वाचला नसेल? की वाचला असेल? या टूमीला ठाऊक आहे का? तिनं त्याच्याकडे चोरून पाहिलं. तो शीळ घालत होता.

भेटीच्या खोलीत फिंटन आधीच बसला होता. काचेपलीकडे टूमी उभा.

"काय झालं? भूत पाहिलंस का?"

"नाही. थंडी आहे बाहेर."

मग तिनं काहीबाही विचारायला घेतलं. जेवण कसं आहे, पांघरुणं मिळतात का. तो उत्तरं देत होता आणि तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. गप्प बसावं, बाहेर पडून बाईंना फोन करावा, बाई काहीतरी मार्ग काढतील, असं तिला वाटत होतं. पण पाठवलेला ईमेल बाई तरी कुठून परत आणणार? आणि हा बिचारा आज परत त्याच मजल्यावर जाणार, काही ठाऊक नसताना, त्याच तिघांच्या हाताखाली. तिला स्वतःची किळस आली.

"मी चूक केलीय," ती म्हणाली. "तुमचं नाव कुठंच नाही. पण मी सालं लिहिली. हीटरवरची. आणि ते आज सकाळी अधीक्षकाकडे गेलंय."

फिंटन हलला नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

"सालं," तो म्हणाला.

"हो."

"एवढं शिकलीस, आणि सालं."

ती रडायला लागली. काचेपलीकडे टूमीनं मान वळवून पाहिलं.

"रडू नकोस, तो बघतोय," फिंटन दातांतून बोलला. "नाक पूस. हं. आता सांग, काय काय करता येईल?"

तिनं सांगितलं. त्याची जबानी पूर्ण काढून टाकता येईल. पण मग जेम्सीच्या बाजूनं बोलणारं कुणी उरत नाही, आणि अधीक्षकानं वाचलं असेल तर काढूनही उपयोग नाही.

"म्हणजे त्यांना मी कळलोय, आणि बाहेर कुणालाच मी ठाऊक नाही. उद्या मी जिन्यावरून घसरलो तर सातवा कैदी घसरला, असंच ना?"



तो टेबलावर बोटं वाजवत बसला. टूमीनं काचेवर टकटक करून घड्याळ दाखवलं.

"नाव टाक," फिंटन म्हणाला.

"काय?"

"फिंटन मायकल लूबी. पूर्ण टाक. छापून येऊ दे, पेपरात येऊ दे. मग हात लावायच्या आधी दहादा विचार करतील."

"आणि खुला तुरुंग? साइव्ह?"

"ते तू मला विचारू नकोस," तो म्हणाला. "तेवढं मात्र विचारू नकोस."

पुढच्या आठवड्यात क्वर्कबाई स्वतः जाऊन त्याची लेखी संमती घेऊन आल्या. डर्व्हलाला त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वाक्य मलाही आवडलं होतं," आणि खोलीचं दार लावून घेतलं. अहवाल नावानिशी छापला. जेम्सीची चौकशी पुन्हा उघडली, तिघांतल्या दोघांना घरी बसवलं. फिंटनला कुणी बोटही लावलं नाही. बदली मात्र झाली नाही. आधी जागा नव्हती, मग कागद अडकले, मग कुणी कारण देण्याचीही तसदी घेतली नाही. आणि रविवारी सगळ्यांच्या ताटात संत्रं यायचं, त्याच्या ताटात सफरचंद.

डर्व्हलानं एकदा चाचरत विचारलं, मी घरी वाळवून पाठवू का साइव्हला?

"नको," तो म्हणाला. "खोटं कशाला."

पुढच्या वर्षी तो पूर्ण शिक्षा भोगून सुटला. साइव्हला सांभाळणाऱ्या त्याच्या बहिणीकडे गाडी नव्हती, म्हणून बहिणीला आणि पोरीला डर्व्हलाच तुरुंगापाशी घेऊन गेली. कुत्र्याच्या भीतीनं साइव्ह रस्त्यापलीकडे गाडीला चिकटून उभी राहिली. फिंटन रस्ता ओलांडून आला, गुडघ्यांवर बसला. पोरीनं जवळ जाऊन त्याच्या कोटाच्या बाहीला नाक लावलं. मग दुसऱ्या बाहीला.

"कसलाच वास येत नाही," ती आत्याकडे वळून म्हणाली.

डर्व्हलानं गाडीचं दार उघडून धरलं होतं. सगळे बसेपर्यंत ती तशीच धरून उभी राहिली.