वस्तादाच्या पाठीचं तेल

देवजी वस्तादाचं मत होतं की अंग कमवायला माणसाला माणूस लागत नाही. जोर एकट्याने काढता येतात, बैठका एकट्याने मारता येतात, आणि मुद्गल फिरवताना तर जवळ कोणी नसलेलंच बरं. तेलसुद्धा आपलं आपण चोळावं, म्हणजे कुठं काय दुखतंय ते कळतं. फक्त पाठीपर्यंत हात पोचत नाही. "देवानं तेवढी एक जागा चुकवून ठेवलीय," असं तो तालमीतल्या पोरांना सांगायचा, आणि पोरं हसत एकमेकांच्या पाठीला तेल लावायला बसायची.

ही गोष्ट सुरू होते एकोणीसशे पस्तीसच्या आसपास. शहापुरात, सापगावच्या रस्त्याला लागताना, मारुतीच्या देवळाच्या अंगाला तालीम होती. कुडाच्या भिंती, वर कौलं, मध्ये लाल मातीचा हौदा आणि हौद्याच्या कडेला आढ्याचा भार घेऊन उभा असलेला सागाचा खांब. देवजी मूळचा मुरबाडकडच्या वैशाखऱ्याचा. पोरवयात माळशेज चढून जुन्नरच्या बाजूला गेला, तिथल्या तालमीत झाडलोट करत कुस्ती शिकला. परत आला तो घरी न जाता शहापुरात राहिला. घरी थोरल्या भावाचा संसार होता आणि त्यात आणखी एक ताट वाढवावं असं कोणी म्हटलं नव्हतं. गुरूला दिलेल्या शब्दाखातर त्याने तिशीपर्यंत लग्न केलं नाही. तिशीनंतर कोणी विचारलं नाही.

त्याची मतं गावाला पाठ होती, कारण कोणी विचारायची वाट तो पाहत नसे. मुंबईहून आलेल्या मासिकातला दंड फुगवून उभा असलेला पैलवान कोणी दाखवला, तर म्हणायचा, "फोटो निघेस्तोवर श्वास धरलाय त्यानं. सोडल्यावर काय राहतं ते दाखव." ताकदीच्या औषधांवर त्याचा विश्वास नव्हता, बाटली विकणाऱ्याचं अंग बघावं म्हणायचा. एकादशी करणाऱ्यांना सांगायचा, "रोज दोनदा जेवता, एकादशीला दिवसभर जेवता." चहावर त्याचा विशेष राग होता. एका कपात भूक मरते आणि पोट सुटतं, दोन्ही कामं एकदम. भाताला मात्र तो कधी नावं ठेवत नसे. भाताच्या मुलखात भाताला वाईट म्हणणं त्याला वेडेपणा वाटे. "भात वाईट नाय," तो म्हणायचा, "भात खाऊन लगेच बसणं वाईट. गडी भात खातो आणि शेतात उतरतो, शेठ भात खातो आणि गादीवर उतरतो. भात तोच."

म्हसा गावच्या जत्रेत त्याच्या तालमीतल्या पोरांनी नारळ आणि फेटे जिंकले, ते दिवस लवकर सरले. लढाई सुरू झाली. कोणी पलटणीत गेला, कोणी अंबरनाथच्या कारखान्यात, कोणी कल्याणला हमालीला. बेचाळीसमध्ये उरलेल्यांपैकी दोघं तुरुंगात गेले. जे गावातच होते त्यांच्या घरी आता दुधाला पैसे नव्हते आणि खुराकाशिवाय जोर काढले तर हाडं वर येतात, हे देवजीनेच त्यांना शिकवलं होतं. तालीम एका दिवसात रिकामी झाली नाही. एकेक लंगोट खुंटीवरून कमी होत गेला.

देवजीने माती मात्र सोडली नाही. हौद्यातली माती रोज उकरावी लागते, ताक आणि तेल घालून मुरवावी लागते, नाहीतर ती अंगणासारखी घट्ट होते. तो रोज पहाटे फावड्याने ती वरखाली करी, सपाट करी, आणि तिच्यावर कोणी पडत नसे. दूध घालायला येणारी अंबूबाई दारातून बघून म्हणायची, "वस्ताद, नांगरणी झाली का? आता पेरा काहीतरी. वांगी तरी लागतील."

"वांग्यानं वात होतो," देवजी म्हणायचा.

"एकटं बोलल्यानं पण होतो," अंबूबाई म्हणायची आणि घागर डोक्यावर घेऊन जायची.

या दिवसांत कुंडलिकशेठ तालमीत आला. बाजारपेठेत त्याचं धान्याचं दुकान होतं. लढाईच्या टंचाईत सरकारने मापून धान्य द्यायचं ठरवलं, तेव्हा ते काम गावात त्याच्याकडे आलं होतं. तो आत आला, दार लोटून घेतलं आणि श्वास बसेपर्यंत खांबाला धरून उभा राहिला.

"वस्ताद, मला कमी करा," तो म्हणाला.

देवजीने त्याच्याकडे वरून खाली पाहिलं. "घाई हाय का?"

"माणसं रांगेत उभी राहतात. आधी काट्याकडं बघतात, मग माझ्या पोटाकडं. परवा शेणवे गावची एक बाई म्हणाली, शेठ, आमचा तांदूळ कुठं गेला ते आता इचारत नाय, दिसतोय. सगळी रांग हसली. दुकानाच्या फळीवर कोणीतरी कोळशानं मला काढून ठेवलंय. चित्र वाईट नाय, पण एवढा मी नाय." मग हळू म्हणाला, "देवाशपथ सांगतो, एक दाणा खाल्लेला नाय त्यातला. मी लहानपणापासून असाच हाय. माझी आई पण अशीच होती."

त्याने खरं सांगितलं होतं. गावात कोणाच्या मापात कमी आलं असं झालं नव्हतं. पण उपाशी माणसाला ढेरी हाच पुरावा पुरतो. कोणी तक्रारीचा अर्ज केला तर दुकान जाईल, आणि दुकान गेलं की गाव म्हणेल, बघा, होतंच. कुंडलिकला त्या दुसऱ्या गोष्टीची भीती जास्त होती.

देवजीला उपाय त्याच क्षणी ठाऊक होता. रात्रीचा भात बंद, दुकानात दिवसभर चालणारा गुळाचा चहा आणि चिमूटचिमूट तोंडात टाकणं बंद, आणि रोज सापगावच्या नदीपर्यंत पायी जाऊन यायचं. चरबीला एवढंच समजतं. पण त्या उपायाला तालीम लागत नव्हती, वस्ताद लागत नव्हता. ताज्या उकरलेल्या मातीवर त्या जड माणसाची पावलं उमटली होती. देवजी ती बघत राहिला आणि म्हणाला, "रोज पहाटे येत जा."

पहिल्या दिवशी कुंडलिक एका बैठकीत खाली बसला आणि तिथेच राहिला. त्याला उठवताना दोघांनाही हसू आवरेना. पण माणूस चिकाटीचा होता. जोर काढू लागला, मुद्गल पेलू लागला. देवजीने त्याला पैलवानाचा खुराक सांगितला, व्यायामानंतर दूध, दुधात तूप. "अंगाला वंगण नको का?" तो म्हणाला. हे मत खरं होतं, पैलवानासाठी.

एकदा घाम पुसता पुसता कुंडलिक म्हणाला, "पाठ कोरडी राहिली तुमची. फिरा इकडं." धान्य मापणाऱ्याचे मऊ, रुंद तळवे होते. तो तेल लावताना दुकानातलं बोलत असे, कोणाच्या घरी काय शिजतंय, कोणाची पोरगी दिली, बायको वत्सला काय म्हणाली. देवजीला त्यातल्या निम्म्या माणसांची नावं माहीत नव्हती. तो हूं हूं करत ऐकत असे. दुसऱ्या दिवशी मात्र कोणाचं पुढं काय झालं हे तोच विचारी.

दर थोड्या दिवसांनी दुकान उघडण्याआधी ते दोघं मोठ्या काट्यापाशी जात. एका पारड्यात तांदळाची पोती आणि मापं, दुसऱ्यात कुंडलिक पाय वर घेऊन बसे. खांदे रुंद झाले होते, मांड्या घट्ट झाल्या होत्या, पण पारडं तसूभर वर सरकत नव्हतं. एकदा तर ते आणखी खाली बसलं. कुंडलिकचं तोंड उतरलं. देवजी म्हणाला, "वेळ लागतो," आणि काट्याची साखळी सोडताना त्याला कळलं की आपल्याला बरं वाटलं आहे. ते बरं वाटणं त्याने दिवसभर तालमीत बसून तपासून पाहिलं. त्याचा अर्थ एकच निघत होता.

तरीही पुढचे कितीतरी दिवस तो काही बोलला नाही.

भाताची कापणी झाली, सक्तीच्या लेव्हीचं भात सरकारात गेलं आणि रांग आणखी लांब झाली. एके दिवशी धान्य मध्येच संपलं. लांबून आलेली माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन उभी राहिली. कोणीतरी ओरडलं, "शेठ, पोटावर हात ठेवून सांग, संपलं म्हणून!" कुंडलिकने खरोखर पोटावर हात ठेवला, घाबरून, नकळत. या वेळी कोणी हसलं नाही. फळीवर दगड बसला. दोन दिवसांनी कळलं की अर्ज गेला आहे आणि चौकशीला साहेब येणार आहे.

त्या दिवशी दुपारी वत्सला तालमीच्या दाराशी आली. बायका तालमीत येत नसत, म्हणून ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"भाऊ, एक इचारू का?"

"इचारा."

"तुमी त्यांना पैलवान करताय का बारीक?"

देवजी हातावरची माती झाडू लागला.

"घरात पोरांना दूध नाय, ह्यांना तूप घालून देते मी. वस्ताद सांगतात म्हणून. शेजारीण बघते, तूप कढवल्याचा वास काय लपतो? मला नाय समजत तुमच्यातलं. तुमाला समजतं, म्हणून इचारते." एवढं बोलून तिने पदर सावरला आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी कुंडलिक आला, तेव्हा देवजी हौद्यात उतरला नव्हता. फावडं भिंतीला लावलेलं होतं.

"शेठ, आजपासून दूध, तूप बंद. रात्री जेवायचं नाय, फार तर ताक प्या. गुळाचा चहा सोडा. तोंडात चिमूट टाकायची सवय सोडा. आणि सकाळी नदीपर्यंत चालत जायचं आणि यायचं. घाम आला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे, एवढ्या बेतानं."

"आणि इथं कधी यायचं?"

"इथं यायचं काम नाय."

कुंडलिकने सदऱ्याची गुंडी पुन्हा लावली. "हे आधी का नाय सांगितलंत, वस्ताद?"

"आधी अंगात जोर नव्हता. चालणं झेपलं नसतं तुमाला."

कुंडलिकने मान डोलावली. त्याला ते पटलं. त्याने पुढं होऊन तेलाची वाटी उचलली, पण देवजी म्हणाला, "राहू द्या, उशीर होईल," आणि त्याला दारापर्यंत सोडून आला.

चौकशी लांबली, आणि ते बरं झालं. साहेब आला तोवर कुंडलिकचा सदरा अंगावर लोंबत होता. साहेबाने वजनं तपासली, पोती मोजली आणि सगळं बरोबर निघालं. ते आधीही बरोबरच होतं. पण गावाने वजनं पाहिली नव्हती, सदरा पाहिला होता. रांगेतल्या बायका आता म्हणू लागल्या, "शेठच्या घरी पण चूल एकदाच पेटते म्हणे." कोळशाचं चित्र कोणीतरी पुसून टाकलं.

चालायला आता तो एकटा नव्हता. शाळेतले मास्तर आणि एक पेन्शनर हवालदार त्याच्याबरोबर जाऊ लागले होते. तालमीवरून जाताना कुंडलिक आधी आत डोकावत असे. मग रस्त्यावरूनच "राम राम वस्ताद" म्हणू लागला. मग कधी म्हणे, कधी बोलण्याच्या भरात राहून जाई.

देवजी रेशनासाठी रांगेत उभा राहायचा. एकदा त्याची पाळी आली तेव्हा कुंडलिकने काटा धरल्या हाताने सगळ्यांना सांगितलं, "ह्यांनी केलं बरं का मला बारीक! वस्तादांनी!" लोक कौतुकाने हसले. कुंडलिक वाकून म्हणाला, "सकाळी तुमी पण चला ना नदीपर्यंत. मास्तर लई गमतीचं बोलतात."

देवजीने पिशवीचं तोंड धरलं होतं. रांग ऐकत होती.

"मला कुठं बारीक व्हायचंय?" तो म्हणाला.

रांग पुन्हा हसली. कुंडलिकही हसला, धान्य ओतलं आणि पुढच्या माणसाकडे पाहिलं. त्याने दुसऱ्यांदा विचारलं असतं तर देवजी गेला असता. पण मागं माणसं खोळंबली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे देवजीने माती उकरली, सपाट केली, जोर काढले. हातापायांना तेल चोळलं. मग वाटीतलं उरलेलं तेल सागाच्या खांबाला, आपल्या खांद्याएवढ्या उंचीवर फासलं, आणि पाठ टेकून खालीवर घासू लागला. तालमीत पोरं असताना त्याने एकाला असं करताना पकडून कान पिळला होता, गोठ्यात आहेस का म्हणून.

बाहेर रस्त्यावर तिघांची पावलं वाजली. हवालदाराने पोटाबद्दल काहीतरी विचारलं असावं. कुंडलिकचा आवाज आला, मोठा, समजावून सांगणारा, "भात सोडा, हवालदार. सगळं भातानं होतं. भात वाईट."

पावलं नदीच्या बाजूला लांब गेली.

"भात वाईट नाय," देवजी म्हणाला, "भात खाऊन लगेच बसणं वाईट." आणि खांबाला पाठ तशीच घासत राहिला.