होमली

हे मी आजवर नवऱ्याच्या कानावरसुद्धा घातलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

आधी माझा तोरा ऐका. नव्वद सालाच्या आसपास अख्ख्या भाईंदर पूर्वेत अमेरिका माहीत असलेली बाई एकच — मी! विमान कधी जवळून पाहिलं नाही, पण स्टेशनबाहेरचा रद्दीवाला मला बघितलं की ओरडायचा, "बेन, तुमारा अमेरिका आया!" जुन्या कादंबऱ्या, फाटकी मासिकं — त्यांतला आवडलेला उतारा मी कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर उतरवायचे आणि चक्क पाठ करायचे. ओहायोतल्या ओट्यावर मटार सोलत बसलेल्या बायका, बर्फाने बंद झालेलं दार फावड्याने मोकळं करणारा म्हातारा, नाणं टाकलं की कपडे धुणाऱ्या मशीनपुढे ताटकळलेल्या पोरी. दुपारी गोडदेवच्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात मी हे मराठीत सांगायला लागले की बायका निवडायचे तांदूळ विसरायच्या. अभिमान वाटायचा का? अहो, आजही वाटतो!

त्या उताऱ्यांत एक शब्द सारखा भेटायचा — होमली. होमली बाई, होमली चेहरा. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीत असतो तोच की! घरात रमणारी, मायाळू. डिक्शनरी? मला कशाला लागतेय डिक्शनरी!

मग शेजारच्या मंदावहिनींच्या वैशालीला अमेरिकेचं स्थळ आलं. मुलगा लहानपणापासून तिकडेच वाढलेला, मराठी फक्त नावाला. वहिनी म्हणाल्या, "मुलीची माहिती इंग्रजीत तुम्हीच लिहा, ताई. तुमच्याएवढं तिकडचं कोणाला कळतंय?" लिहिली. अगदी झोकात लिहिली. होमली शब्द दोनदा घातला, वर एका उताऱ्यातलं अख्खं वाक्य उचलून बसवलं.

फोटो मागाहून पाठवायचा होता. मुलाने तो मागवलाच नाही. त्याच्या ठाण्याच्या मावशीकडून निरोप आला — मुलाला दिसायला बरी मुलगी हवी.

न बघताच? वहिनींना वाटलं, पोरीच्या रंगावरून कोणीतरी चुगली केली. घरात हळद-बेसन सुरू झालं. सावळी होती वैशाली, पण नाकीडोळी इतकी नीटस की जिना उतरताना कोणीही वळून बघावं.

आणि काही महिन्यांनी — एका कादंबरीत दोन बहिणी भेटल्या. एक सुंदर, दुसरी होमली. ही दुसरी आरशापुढे रडत होती. मायाळू बाई आरशापुढे का रडेल? डिक्शनरी मागून आणली. अमेरिकेत होमली म्हणजे दिसायला डावी. कुरूपच म्हणा.

वहिनींचं दार आमच्या दाराला लागून. जाऊन एवढंच सांगायचं होतं की चूक माझी आहे, पोरीची नाही. नाही गेले. जिन्यातल्या बायका हसतील — बस, एवढंच डोक्यात.

त्याच आठवड्यात वैशाली आपण होऊन आली. "काकू, खरं सांगा हं. मी दिसायला वाईट आहे का हो?"

शब्द जिभेवर होता माझ्या. मी म्हणाले, "अगं, तिकडे त्यांना गोऱ्याच लागतात. मी वाचलंय ना."

तिने मान हलवली. शंकासुद्धा घेतली नाही. पुढे विरारचं चांगलं स्थळ मिळालं, लग्न झालं. लग्नाच्या एकाही फोटोत तिने मान वर केलेली नाही. बघणारे कौतुकाने म्हणाले, किती लाजतेय!

मीही म्हणाले.