सिग्वार्त खरं बोलला

त्र्याण्णवच्या नोव्हेंबरात एका रविवारी उपासना संपली, लोक पांगले आणि गुनवोर मेणबत्त्या विझवायला लागली, तरी मागच्या बाकावर तिघंजण बसलेलेच होते. नवरा, बायको आणि एक लहान मुलगी. बाईने बूट काढून बाकाखाली जोडीने ठेवले होते.

"उपासना संपली," गुनवोर म्हणाली.

"हो," तो माणूस मोडक्यातोडक्या नॉर्वेजियनमध्ये म्हणाला. "आम्ही राहतो."

गुनवोरला आधी रागच आला. नवरा गेल्यापासून चर्चची किल्ली तिच्याकडे होती. झाडलोट, घंटा, शेगडी, सगळं तीच बघायची, आणि रविवारी दाराला कुलूप घातलं की तिचा आठवडा संपायचा. घरी मटण शिजत होतं. पण बाकाखाली जोडीने ठेवलेले ते बूट एकदा दिसल्यावर कुलूप काही घालता येईना. ती पाद्रीला बोलवायला गेली.

रेजेप, हायरिये आणि मुलगी व्योसा. कोसोवोहून आलेले, मुसलमान. शहराजवळच्या निर्वासितांच्या वसतिगृहात दोन वर्षं काढल्यावर सरकारने त्यांना परत जायला सांगितलं होतं. चर्चमध्ये पोलीस शिरत नाहीत, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. पाद्री आइलिव वयाने तरुण होता, चटकन लाल व्हायचा. तो म्हणाला, "दर रविवारी मी सांगतो की हे दार सगळ्यांना उघडं आहे. आता कुणी खरोखर आत आलं, तर काय म्हणू? की ती नुसती बोलायची पद्धत होती म्हणून?"

चर्चमागच्या खोलीत गाद्या पडल्या. आठवड्याभरात वर्तमानपत्रात फोटो आला आणि गावाचे दोन भाग झाले.

त्यांना ठेवून घ्यायचं का, हे ठरवायला चर्चमध्ये सभा भरली. विरोधात पहिला उभा राहिला तो सिग्वार्त, गुनवोरचा थोरला भाऊ. मासळीचा कारखाना बंद पडल्यापासून तो घरीच होता. तो दारू पीत नसे, रविवारी समुद्रात जाळं टाकत नसे आणि खोटं बोलत नसे. नवा कोट घेतला तर निदान महिनाभर सिग्वार्तच्या समोरून जाऊ नये, तो विचारल्याशिवायही खरं सांगेल, अशी गावात थट्टा चालायची.

"राज्य देवाने नेमलेलं असतं," तो म्हणाला. "कायदा आवडला तर पाळायचा, नाही आवडला तर माणसं चर्चमध्ये लपवायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही. आणि दुसरं. वरच्या वाडीवर मागन्हिल म्हातारी एका खोलीत पडून आहे. लाकडं संपली म्हणून खुर्ची जाळली तिने गेल्या हिवाळ्यात. तिच्याकडे सूप घेऊन कोण गेलं? तिचा फोटो छापून येत नाही ना."

आइलिव कानापर्यंत लाल झाला. "परक्याला घरात घ्या असं प्रभूने सांगितलं, तेव्हा आधी आपल्या माणसांचं संपवा असं काही म्हटलं नव्हतं त्याने."

"घरात घ्या म्हणाला. सरकारच्या डोक्यावर बसा असं नाही म्हणाला."

मत घेतलं तेव्हा थोडक्यात का होईना, ठेवून घ्यायच्या बाजूने कौल पडला. गुनवोरने हात वर केला, पण भावाकडे न बघता. मागन्हिलचं बोलणं तिला लागलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती दोन डबे भरायला लागली, एक चर्चमध्ये आणि एक वरच्या वाडीवर. मागन्हिलने पहिल्याच दिवशी विचारलं, "का गं? मी मरायला टेकले असं कुणी सांगितलं का तुला?"

हिवाळा लांबला. गावातल्या बायका तपकिरी चीजचे इतके ठोकळे आणून द्यायच्या की रेजेपला वाटलं ते साबण आहेत, आणि त्याने एकाने हात धुवायचा प्रयत्नही केला. त्या दिवशी हायरिये पहिल्यांदा हसताना दिसली. ती गुनवोरला "नाने" म्हणायची, म्हणजे त्यांच्याकडे आई. गुनवोरला मूल नव्हतं. "मी काही तुझी आई नाही," ती म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी लोकरीचे मोजे आणायची.

रेजेप मात्र दिवसेंदिवस आटत चालला. उंचापुरा गवंडी माणूस, खिडकीशी उभा राहून बाहेरचा बर्फ बघायचा. एकदा म्हणाला, "फावडं द्या. दारापर्यंतचा तरी काढतो."

"उंबरठ्याबाहेर जाऊ नकोस," गुनवोर म्हणाली.

"मग आतला काय काढू?"

फेब्रुवारीत व्योसा घंटेच्या जिन्यावरून पडली. हाताचं हाड मोडलं होतं, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. डॉक्टर येऊन बघून गेला. हे इथे होण्यासारखं नाही, रुग्णालयातच न्यायला हवं, म्हणाला. रुग्णालय फ्योर्डच्या पलीकडे, खाडी ओलांडून. आइलिव बिशपकडे गेला होता, गाडी घेऊन. पोर रडून रडून निळी पडली होती. गुनवोर सरळ सिग्वार्तच्या दारात गेली.

"तुला काय वाटतं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "गाडी काढ."

सिग्वार्तने जेवण अर्धं टाकलं आणि कोट घातला. चर्चशी आला तेव्हा रेजेप मुलीला उचलून दारात उभा होता. आईने आत थांबावं असं ठरलं होतं, म्हणजे निदान एकजण तरी सुरक्षित. रेजेपने उंबरठ्याकडे पाहिलं आणि तो ओलांडला. गुनवोरही मागे त्यांच्याशेजारी बसली. फेरीबोटीपर्यंतच्या रस्त्यात सिग्वार्त एवढंच बोलला, "खड्डा आला की सांगतो. हात धरून ठेव तिचा."

बोटीवर तालुक्याचा पोलीस अधिकारी होता. सिग्वार्तबरोबर शाळेत शिकलेला. तो गाड्यांमधून चालत आला, खिडकीशी वाकला आणि नेहमीच्या सवयीने म्हणाला, "काय सिग्वार्त, कोण पाहुणे?"

नुसतं "हो, पाहुणे" म्हटलं असतं तरी तो पुढे गेला असता. गुनवोरने भावाच्या मानेकडे पाहिलं. ती मान ताठ झालेली होती.

"चर्चमधली माणसं आहेत," सिग्वार्त म्हणाला. "मुलीचा हात मोडलाय."

अधिकाऱ्याने डोळे मिटले. "हे तू मला सांगायला नको होतंस," तो हळूच म्हणाला.

हाताला प्लास्टर घालेपर्यंत पोलीस दाराबाहेर थांबले, तेवढी माणुसकी त्यांनी दाखवली. मग बापलेकीला घेऊन गेले. संध्याकाळी हायरिये आपण होऊन चर्चमधून बाहेर आली. नवरा आणि मुलगी नसताना आत बसून ती करणार काय होती? जाताना तिने गाद्यांच्या घड्या घालून ठेवल्या. आठवड्याच्या आत तिघांना विमानात बसवलं.

गुनवोर भावाकडे गेली ती बर्फाचे बूट न काढताच.

"तू गप्प बसला असतास तर?"

"त्याने विचारलं मला."

"खोटं बोल म्हणत नाही मी. गप्प बसायचं होतंस."

"ते खोटंच झालं असतं. देवाला काय तोंड दाखवलं असतं?"

"देवाने नव्हतं विचारलं, सिग्वार्त. पोलीस अधिकाऱ्याने विचारलं होतं."

त्या वसंतात सिग्वार्तने चर्चमध्ये जाणं सोडलं. कारण कुणाला सांगितलं नाही, आणि तो सांगत नाही म्हणजे काहीतरी मोठं असणार, एवढं गावाला कळलं. मागन्हिलकडे लाकडं मात्र तोच पोचवू लागला. रविवारी दोघं बहीणभाऊ एका टेबलाशी कॉफी प्यायचे आणि हवेबद्दल बोलायचे. ती तिघं कुठे आहेत, हे विचारायला दोघांनाही जागा नव्हती. आइलिवने बरीच खटपट केली, पण काही कळलं नाही. पुढे तो दुसऱ्या गावी गेला.

नव्व्याण्णवमध्ये तिकडे युद्ध पेटलं. टीव्हीवर रोज ट्रॅक्टर, गाठोडी, चिखलातून चालणारी माणसं. सिग्वार्त संध्याकाळी बहिणीकडे येऊन टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसायचा. ती ओट्याशी उभी राहून बघायची.

मग सरकारने ठरवलं की कोसोवोच्या लोकांना विमानं पाठवून आणायचं. पूर्वी ज्यांना परत जा म्हणून सांगितलं, त्यांच्याच शेजाऱ्यांना. पलीकडच्या शहरात शाळेच्या मुलांनी वाद्यं वाजवून स्वागत केलं, बायकांनी वॅफल भाजले. गुनवोर गेली नाही. तिला ते बघवलं नसतं.

सिग्वार्त गेला. रविवारचा कोट घालून, फेरीबोटीने. रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो विचारत होता: रेजेप नावाचा गवंडी, बायको हायरिये, एक मुलगी, आता मोठी झाली असेल. दुभाषी थकला तरी हा थांबेना. एका म्हाताऱ्याने रेजेपच्या गावाचं नाव ऐकून फक्त मान हलवली, आणि त्या हलवण्याचा अर्थ दुभाष्याने सांगितला नाही.

दिवस मावळताना तो गुनवोरच्या स्वयंपाकघरात आला आणि कोट अंगावर ठेवूनच बसला.

"कुणाला माहीत नाही," तो म्हणाला.

गुनवोरने त्याच्यासमोर उकडलेले बटाटे आणि मासा ठेवला. त्याने हात जोडले, जेवणाआधीची प्रार्थना म्हणायला तोंड उघडलं आणि पहिल्या शब्दावरच अडकला. ती थांबली. मग तिनेच ती पुरी केली, हळू आवाजात, आणि जेवायचा काटा त्याच्या हातात दिला.