कागदावर नसलेली आत्या

"बायोप्सीचा रिपोर्ट आलाय," ठाण्याच्या नौपाड्यातले डॉक्टर म्हणाले. बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासतात ते. "कॅन्सर आहे. पण वय फार कमी आहे. घरात आधी कुणाला झाला होता?"

माझी ताई तेव्हा एकतीस वर्षांची. आई लगेच म्हणाली, "कुणालाच नाही." मीही मान हलवली.

ऑपरेशननंतर ताईला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जेनेटिक कौन्सेलिंगला पाठवलं. आजार घराण्यातून आलाय का, हे तिथे बघतात आणि समजावून सांगतात. घरात कॉलेजला जाणारी पहिली मीच, म्हणून फॉर्म मी भरला. आई, मावश्या, आजी. बायकांचा आजार आईकडूनच येणार, असं मी धरून चालले. कुणाला विचारलंही नाही.

तिथल्या मॅडमनी कागदावर आमचं घराणं काढलं. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. "वडिलांना बहीण?"

"एक होती. कल्याणला दिलेली. वारली," मी म्हणाले.

"कशाने?"

मी बरोबर आलेल्या बाबांकडे बघितलं. ते खाली बघत म्हणाले, "छातीत गाठ होती. पण ती त्यांच्या घरची ना. आम्ही सुतकही तीनच दिवस पाळलं."

मॅडमनी आत्याचा गोल काढून पेनने काळा केला. मग बाबांच्या चौकोनापासून ताईकडे आणि माझ्याकडे रेघा ओढल्या. "जीन म्हणजे आईवडिलांकडून शरीराला मिळालेली सूचना. तिच्यातला दोष वडिलांकडूनही येतो."

ताईच्या रक्तात तो दोष निघाला. माझ्यात असण्याची शक्यता निम्मी होती. मीही रक्त दिलं. तेव्हा ही तपासणी नवीन होती, रिपोर्टला महिने लागत. वर्गात बसवत नसे. सारखी छाती चाचपायचे. आमच्याकडे फोन नव्हता; शेजारच्यांचा वाजला की जिन्यात जाऊन उभी राहायचे. बाबा तर जेवतानाही माझ्याकडे पाठ करून बसत.

शेवटी रिपोर्ट आला. माझ्यात दोष नव्हता. पण ताईपुढे मला हसता येईना. केस गेलेल्या डोक्यावरचा रुमाल सारखा करत तीच म्हणाली, "अगं, हस की. का तेही मीच शिकवू?"

मग मी विचारलं, "आत्याच्या मुलीला, सुनंदाला कुणी सांगितलं का?"

रविवारी बाबांनी माझ्याकडून घराण्याचा तो कागद मागून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि डोंबिवलीहून कल्याणला गेले. संध्याकाळी परत आल्यावर एवढंच म्हणाले, "गुरुवारी तपासणीला येते म्हणाली. मी जाणार तिच्याबरोबर."

त्या मॅडमचे आभार मानायचे माझ्याकडून राहून गेले. म्हणून हे लिहिलं. असा फॉर्म तुमच्यापुढे आला, तर लग्न होऊन गेलेल्या आत्यांची नावं आधी लिहा.