ढमालेला ताप नव्हता

२००३ साली आमची पोस्ट बर्फात होती. मी नायब सुभेदार, गाव मुळशीतलं कासार आंबोली. लान्स नायक तुकाराम ढमालेही मुळशीचाच, म्हणून माझा जरा जास्तच लाडका. आदल्या वर्षी त्याचे वडील वारले तेव्हा तो ढसाढसा रडला. पण लंगरमध्ये, म्हणजे आमच्या भटारखान्यात, जेवायचा, कॅरम हरला की चिडायचा. महिन्याभरात सावरला.

या खेपेला वाईट काहीच घडलं नव्हतं. तरी तीन आठवडे त्याची झोप उडाली, जेवण सुटलं, बुटाची नाडी बांधतानाही मध्येच थांबायचा. सिक रिपोर्टची, म्हणजे आजाऱ्यांची, नावं मी सकाळी ०६०० वाजता घ्यायचो. एकदा तो पुढे आला.

"ताप?"

"न्हाई, साहेब."

"मग फॉल-इन! जा रांगेत!"

वर बर्फ काढायचं जादा काम दिलं. घाम गाळला की डोकं ताळ्यावर येतं, ही माझी अक्कल.

मग घरून पत्र आलं. त्याला मुलगी झाली होती. मूल झालं की जवानाने लंगरमध्ये शिरा करायचा, हा आमचा रिवाज. पोस्टवरची पोरं त्याला खांद्यावर घ्यायला आली. तो नुसता उभा.

"साहेब, कळतंय समदं. पर आत काय बी वाटत न्हाई. मी नसलेलाच बरा."

मी टरकलो, खोटं कशाला बोलू? त्याची रायफल जमा केली, एक जवान सोबत बसवला आणि रेडिओ सेट उचलला.

"एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"जखम कुठे? ओव्हर."

"दिसत नाही. आजच न्यायला हवा. ओव्हर."

पुढे हॉस्पिटलात भेटायला गेलो, तेव्हा डॉक्टर मॅडमनी मला झापलं. "दुःखी माणसाला चांगली बातमी पोचते, साहेब. डिप्रेशनमध्ये आठवडेच्या आठवडे काहीच पोचत नाही. हा आजार आहे. उपचार आहेत."

उपचार झाले. वर्षभर हलकी ड्युटी, मग पुन्हा फिट. राहिलेला शिरा त्याने स्वतः ढवळला.

२००६ साली आमची गस्तीची तुकडी हिमस्खलनात सापडली. ढमालेने दोघांना उकरून काढलं. तिसऱ्यासाठी पुन्हा गेला, तेव्हा दुसरा लोट आला आणि त्याला घेऊन गेला.

मुळशीतल्या शोकसभेआधी त्याचा थोरला भाऊ म्हणाला, "साहेब, त्याच्या औषधाच्या गोळ्यांचं बोलू नगा. लोक येडा म्हनतील."

"त्याच्या आजाराची लाज कसली? चूक माझी होती, तीही सांगणार."

त्याने हात धरून मला माईकपाशी नेलं. मग म्हणाला, "बोला."

मी माईकवर सगळं सांगितलं. सभेनंतर एक बाई थांबली. तिच्या नवऱ्याचंही तसंच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन मी पुण्याला डॉक्टरकडे निघालो. एसटीत तिने हळूच विचारलं, "त्यो ढमाले खरंच बरा झालता?"

"व्हय," मी म्हणालो. "दोन माणसं वाचवली त्यानं."